डाव्या बाजूची चाकं

पावसाळ्यातली मासेमारीची बंदी लागली की माझ्याकडे माणसं तोंड उघडायला येतात. एरवी दात ठणकला तरी दाढेखाली लवंग धरून समुद्रावर जाणारे कोळी एकदा होड्या वर ओढून, ताडपत्र्या बांधून मोकळे झाले, की त्यांना आपल्या तोंडाची आठवण होते. श्रीवर्धनचे आणि माणगावचे डॉक्टर त्यांची मापं घेतात. ती मापं ओल्या फडक्यात गुंडाळून, पिशवीत घालून, एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती बोर्ली पंचतनला माझ्या खोलीवर येतात. मी कवळ्या बनवते. आमच्या शिक्षणाच्या कागदावर ‘डेंटल मेकॅनिक’ असं लिहिलेलं आहे, गावात मला दातवाली म्हणतात. दोन्हींत मला काही वावगं वाटत नाही.

यंदाही बंदी लागली आणि कामाची गर्दी झाली. हवेत इतकी ओल आहे की प्लास्टरच्या पिशवीत गाठी होतात, पॉलिश पेपर मऊ पडतो, आणि काही म्हणजे काही वाळत नाही. त्यावर माझा एक उपाय आहे. बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा घ्यायचा, त्यात साधा पिवळा बल्ब लावून ठेवायचा. वाळवायची वस्तू आत ठेवायची आणि वीज जाऊ नये म्हणून अल्लाकडे आणि वायरमनकडे सारखीच विनवणी करायची. काल डबा काढला, बल्ब पेटतो का पाहिलं, आणि नुसती बघत राहिले. दोन वर्षांपूर्वीच्या बंदीत या डब्यात कवळी नव्हती. रणगाडा होता.

हवालदारकाका आमच्या बोर्लीच्याच एका वाडीतले. फौजेत ते रणगाड्यावर ड्रायव्हर-मेकॅनिक होते, तेही साध्या नाही, पाण्यावर तरंगणाऱ्या. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली की त्यांचं खरं नाव आता फक्त रेशनकार्डावर उरलं असावं. माझ्याकडे ते आले कवळीसाठी. वरची बसली, खालची बसेना. डॉक्टरांनी त्यांना सरळ माझ्याकडे पाठवलं, म्हणाले तिलाच दाखवा कुठं टोचतंय ते. दुसऱ्या खेपेला ते आले तेव्हा काखेत कापडी पिशवी होती. कवळीविषयी एक शब्द न बोलता त्यांनी पिशवीतून एक खोकं काढून माझ्या टेबलावर ठेवलं. वर हिरव्या रणगाड्याचं झोकदार चित्र होतं. आत राखाडी प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेले शेदोनशे तुकडे. जोडले की वीतभर लांबीची गाडी होणार.

“सुजातानं धाडलंय,” ते म्हणाले. सुजाता त्यांची मुलगी, उरणला एका कंटेनर यार्डाच्या ऑफिसात नोकरीला. “वाढदिवसाला. तिला वाटतंय बाप बसून जोडंल. बाय, तू बारीक कामं करतेस. ह्ये जोडशील?”

“काका, मी दात करते. रणगाडे नाही.”

“मेकॅनिक हायस न्हवं? मी पन मेकॅनिकच.”

मी हसले. ते हसले नाहीत. शर्टाच्या खिशातून त्यांनी डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली काढली आणि खोक्याशेजारी ठेवली. काचबिंदू होता. पनवेलच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेली नजर परत येत नाही. आहे ती किती दिवस टिकेल हे सांगता येत नाही. सुजाताला त्यांनी यातलं अर्धंच सांगितलेलं.

“कडंकडंचं गेलंय. मधलं दिसतंय, नळीतनं बघितल्यावानी. सारं जायच्या आत एकदा गाडी बघायची हाय. जशी हुती तशी.”

आता याला नाही कसं म्हणायचं? आणि खरं सांगायचं तर मला ते तुकडे पाहूनच हाव सुटली होती. मला लहानपणापासून एक खोड आहे. वस्तू हातात आली की ती अशीच का, तशी का नाही, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. अम्मीचा मिक्सर मी दोनदा खोलला आहे. एकदा तो परत जोडताही आला होता.

पहिल्याच दिवशी काकांनी एक चाक उचललं, डोळ्यापासून बोटभर अंतरावर धरलं, तिरकं केलं, सरळ केलं. “ह्ये आमचं न्हाय.”

“म्हणजे?”

“ह्ये थाळीवानी सपाट हाय. आमचं फुगीर हुतं. आतनं पोकळ. पोकळ चाकं, म्हनून तर गाडी तरंगायची.”

मला हे माहीत नव्हतं. लोखंडाची चाकं आणि ती पोकळ, तीही तरंगण्यासाठी! मी फोनवर शोधलं. कुठल्या कुठल्या संग्रहालयांत अशा गाड्या उन्हापावसात उभ्या आहेत, त्यांचे फोटो मिळाले. काकांचं बरोबर होतं. किट बनवणाऱ्यांनी दुसऱ्याच कुठल्या गाडीची चाकं यात घातली असावीत. पुढचा पत्रादेखील चुकलेला होता. पाण्यात उतरताना लाट आत येऊ नये म्हणून गाडीच्या नाकावर एक फळी उभी राहते, ती किटमध्ये फारच आखूड होती. आणि पट्टा म्हणजे नुसतं ताणलेलं रबर. खरा पट्टा जड लोखंडाचा. तो वरच्या बाजूला चाकांवर ढिला पडतो, मधे मधे झोळ खातो.

मग काय, सुरू झालं. सकाळी कवळ्या, दुपारी रणगाडा. मेणाचं एक चाक कोरलं, काकांनी फुगीर म्हटलं तसं. ते पसंत पडेपर्यंत चार चाकं वितळवली. मग ज्या मसाल्यात दातांचं माप घेतात त्यात त्या चाकाचं माप घेतलं, आणि हिरडीच्या गुलाबी मटेरियलची चाकं ओतली. एका बाजूला सहा, दुसऱ्या बाजूला सहा. पुढची फळी आइस्क्रीमच्या डब्याच्या झाकणातून कापली. पट्ट्याला झोळ यावा म्हणून तो बारीक दोऱ्यानं चाकांना खाली ओढून बांधला. जिथे फट राहिली तिथे पांढरी लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आणि तो सगळा ऐवज बल्बच्या डब्यात ठेवला. अम्मीनं एकदा डोकावून पाहिलं. म्हणाली, “अगो, लोखंडाला कवळी बसवतेस काय?”

त्या दिवसांत माझ्या खोलीत जे बसत त्यांना काका आपली गाडी सांगत. पंजाबातले कालवे, काठावरचा चिखल, गाडीचं नाक पाण्यात घुसल्यावर फळीवर चढणारी लाट. मागच्या दोन नळ्यांतून पाणी फेकत गाडी पुढे जायची. डावी नळी झाकली की डावीकडे वळायची, उजवी झाकली की उजवीकडे. भरडखोलचा एक कोळी दात काढलेल्या जागी कापूस दाबून हे सगळं मन लावून ऐकत होता. कापूस काढून त्यानं मासळीचंच विचारलं, “आनि मावरा किती मिलायचा?” काका इतके हसले की खालची कवळी निसटली. ती त्यांनी झेलली आणि माझ्याकडे अशी धरली जणू चूक माझीच आहे. ती होतीच म्हणा.

मी विचारत सुटले होते. दार बंद झाल्यावर आत अंधार असतो का? असतो. उकडतं का? भट्टी. मग दिसतं कसं? समोर काचेच्या तीन चिपा असतात, त्यांतून दिसेल तेवढंच. “म्हनून तर ह्या डोळ्याचं मला काय वाटत न्हाय,” ते म्हणाले. “सवय हाय.” मला ते खोटं वाटलं.

आता माझी चूक सांगते, कारण त्या ऋतूतलं सगळ्यात जास्त मला तेच आठवतं.

चाकं ज्या आऱ्यांवर, म्हणजे आडव्या खुंट्यांवर, बसतात त्या गाडीच्या तळाला दोन्ही बाजूंना किटमध्येच आलेल्या होत्या. एका दुपारी गाडी उलटी करून पट्टीनं मोजत होते, तर लक्षात आलं की डाव्या बाजूच्या आऱ्या उजव्या बाजूच्या समोर येत नाहीत. प्रत्येक आरी दोन-अडीच मिलिमीटर मागे. सहाच्या सहा. मला भयंकर आनंद झाला. कंपनीची ही चूक काकांनाही सापडली नव्हती, मला सापडली! शिकत असताना आमच्या बाईंनी एक गोष्ट इतक्या वेळा सांगितली होती की ती हाडात मुरली आहे: मधली रेघ आखा, डावं उजव्याशी जुळवा. अर्धा मिलिमीटर फरक राहिला तरी माणसाचा जबडा दुखतो. मी आयुष्यभर डावं उजव्याशी जुळवत आले. तर मी सहाही आऱ्या करवतीनं कापल्या, पुढे सरकवल्या, उजव्यांच्या बरोब्बर समोर चिकटवल्या, सांधे भरले, घासले. काम असं झालं की कापल्याची खूण दिसेना.

काका आले तेव्हा मी ऐटीत सांगितलं, “तुम्हाला न विचारता एक चूक काढून टाकली.”

“कुठली?”

“डाव्या बाजूची चाकं मागे होती. समोरासमोर आणली.”

त्यांनी गाडी हातात घेतली, पालथी केली. डोळ्यापाशी नेली नाही. डाव्या पहिल्या आरीवर अंगठा ठेवला, उजवीवर दुसऱ्या हाताचा अंगठा ठेवला. मग दुसरी आरी. मग तिसरी. सहाव्यापर्यंत गेले, आणि मग त्यांचा चेहरा जो उतरला तो मी कधी विसरणार नाही.

“कुनी सांगितलं तुला?” ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण फौजेतला होता. “ती तशीच असत्यात. मागंच असत्यात.”

“पण का?”

कोपऱ्यात खराटा होता. त्यातल्या दोन हिरा, म्हणजे काड्या, त्यांनी उपसल्या आणि माझ्या टेबलावर आडव्या ठेवल्या. “ह्यो गाडीचा तळ. चाकाला खड्डा लागला तर दनका कोन खातंय? पोलादी दांडा. प्रत्येक चाकाला येक. दांडा ह्या बाजूनं निघतोय आनि आडवा पार त्या बाजूला जाऊन घट्ट बसतोय. चाक उचाललं की दांडा पिळतोय.” त्यांनी हीर पिळून दाखवली. “आता उजव्या चाकाचा दांडा ह्या जागी पडला. डाव्याचा कुठं ठेवशील? त्याच जागी मावंल?”

“नाही.”

“मग शेजारी. म्हनून डावं चाक दांडाभर मागं. समजलं?” हिरा खाली ठेवून ते म्हणाले, “भायेरनं दोन्हीकडं सारखी गाडी म्हंजे पोटात काय न्हाय. खेळन्यातली.”

मला लाज वाटली, आणि खरं म्हणजे त्या लाजेच्या दुप्पट मौज वाटली. इतकी साधी गोष्ट! फोनवरच्या सगळ्या फोटोंत गाडी एकाच बाजूनं दिसत होती, दोन्ही बाजू एकदम कुणीच दाखवल्या नव्हत्या. काकांनी ती सांगितली नाही, कारण कुणाला ती चूक वाटेल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आणि किट बनवणाऱ्यांनी चाकं चुकवली, फळी चुकवली, पट्टा चुकवला, पण ही एक गोष्ट बरोबर केली होती. तीच नेमकी मी सुधारली.

तेव्हापासून माझ्या कामातही थोडा फरक पडला आहे. कवळी करायची असली की मी डॉक्टरांना सांगते, पेशंटचा जुना, हसतानाचा फोटो मागवा. एखाद्याचा पुढचा दात शेजाऱ्यावर किंचित चढलेला असतो, एखाद्याची हसण्याची रेघ एका बाजूला उतरती असते. मी दात तसेच लावते. जबड्याची पकड बाईंनी शिकवली तशीच जुळवते, त्यात तडजोड नाही. पण समोरून दिसणारी बत्तिशी आता मी दुकानातल्या बाहुल्यासारखी एकसारखी लावत नाही. काकांची खालची कवळीही नव्यानं केली, आणि ती एकदाची बसली. त्यांच्या जबड्याची डावी बाजू झिजून खाली गेली होती, ते मी आधी नीट पाहिलंच नव्हतं.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी मात्र आऱ्या पुन्हा कापायच्या होत्या आणि त्या आता आधीच एकदा कापलेल्या होत्या. दोन तिथल्या तिथे मोडल्या. नव्या करायला कवळीच्या कामातली स्टीलची तार वापरली. त्यातच वीज गेली ती दोन दिवस आली नाही. बल्बचा डबा थंड. लांबी चिकट राहिली, घासायला गेलं की पॉलिश पेपरला लोण्यासारखी लागायची. मला पहिल्यांदाच भीती वाटली की हे वेळेत होणार नाही. कवळीला उशीर झाला तर माणूस आठ दिवस पेज पितो, कुरकुरतो, पण शेवटी भाकरी चावतो. या कामात उशिराला माफी नव्हती. काकांच्या डोळ्यांत किती दिवस शिल्लक होते ते कुणालाच माहीत नव्हतं आणि त्यातले काही मी स्वतःच्या शहाणपणापायी वाया घालवले होते.

मधल्या काळात ते आलेच नाहीत. एक आठवडा गेला, दुसराही अर्धा गेला. मग सुजाताचा फोन आला, की त्यांना पनवेलला डॉक्टरांकडे आणलं होतं, आता परत सोडते आहे, ते ऐकतच नाहीत, म्हणतात बोर्लीला काम आहे. “तुमच्याकडे कसलं काम आहे हो त्यांचं?” तिनं विचारलं. मी सांगितलं. ती मग म्हणाली, “मी तर आपला वेळ जाईल म्हणून पाठवलं होतं.”

ते आले तेव्हा गाडी जोडून तयार होती. सगळी चाकं बसलेली, डावीकडची दांडाभर मागे. पुढची फळी उभी. पट्टा झोळ खाल्लेला. राहिला होता तो फक्त रंग. मी हिरवा रंग मागवला होता, तोही आला होता, पण या हवेत एक हात मारून पाहिला तर दुसऱ्या दिवशी त्यावर दुधासारखी पांढुरकी झाक आली. तेवढा पुसून काढला आणि ठरवलं की दोन दिवस कोरडे मिळाले की एका झपाट्यात उरकायचं. त्यामुळे गाडी तेव्हा दिसत होती ती अशी: अंग राखाडी, चाकं गुलाबी, फळी पिवळी, आणि जागोजाग पांढरे ठिपके. हसू येईल असं ध्यान होतं ते.

सुजाता त्यांना दारात सोडून छत्री मिटत मागे थांबली. काका नेहमीसारखे आत आले, नेहमीच्या खुर्चीत बसले, हात पुढे केले. मी गाडी त्यांच्या तळहातांवर ठेवली. त्यांनी ती पालथी केली आणि दोन्ही अंगठ्यांनी आऱ्या मोजल्या. सहापर्यंत. मान हलवली.

“बराबर,” ते म्हणाले. गाडी सुलटी करून डोळ्यांसमोर धरली, थोडी दूर, थोडी जवळ, चांगला वेळ लावून पाहिली. मग म्हणाले, “रंग बी झ्याक बसलाय. आमचा ह्योच हुता.”

माझ्या हातात तेव्हा एक ब्रश होता. तो मी उगाच पुसत राहिले. दारात सुजातानं तोंडावर पदर घेतला होता. मला रडू फुटलं, आवाज न करता, आणि रागही आला. त्यांच्या डोळ्यांचा, त्या ओल्या हवेचा, त्या सहा आऱ्यांचा आणि माझ्या त्या ऐटीचा. होय म्हणून टाकावं असं एकदा वाटलं. पण महिनाभर या माणसानं एकेका चाकासाठी माझ्याशी भांडण केलं होतं. त्याच्यापाशी मला तेवढं एक खोटं बोलवेना.

“काका,” मी म्हटलं, “रंग अजून दिलेला नाही.”

त्यांनी गाडी डोळ्यांपासून खाली घेतली. “मंग कशी दिसतेय?”

“अंग राखाडी. फळी पिवळी. आणि चाकं गुलाबी.”

“गुलाबी?”

“हिरडीचं मटेरियल आहे ना.”

“बाराच्या बारा?”

“बाराच्या बारा.”

मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत, पण ते हसत होते, मोठ्यानं, कवळी सावरत. सुजाताही रडता रडता हसली. “रंग देऊ नगंस आता,” हसू ओसरल्यावर ते म्हणाले. “रंगाचा थर बसला की कडा बुजत्यात. बोटाला लागायचं न्हाय.”

मग त्यांनी गाडी मांडीवर घेतली. तिचं नाक दाराच्या दिशेनं वळवलं. बोट फळीवरून मागे सरकत सरकत आलं आणि पुढच्या छोट्या गोल झाकणावर थांबलं.

“हितं मी बसायचो. झाकन लावलं की मला लई काय दिसायचं न्हाय. वरनं कमांडर सांगायचा, आनि मी चालवायचो. त्यानं सांगायचं आनि मी चालवायची, असं.” त्यांनी मान माझ्याकडे, साधारण माझ्याकडे, वळवली. “सांग, बाय. म्होरं काय दिसतंय?”

मी डोळे पुसले आणि दाराबाहेर पाहिलं.

“रस्ता आहे, काका. सरळ आहे. डावीकडे पाणी साचलंय, गुडघाभर असेल. पलीकडे बेकरीच्या पत्र्याखाली एक बकरी उभी आहे.”

“पान्यातनं घेऊ?”

“घ्या.”